आदरार्थी एकटी

"लोक तुला 'अहो' म्हणायला लागायच्या आत जिथे कुठे एकटीनं जायचंय तिथे जाऊन ये," असे माझ्या मावशीने मला एकदा बजावले होते. मी तेव्हा कॉलेजात होते, गिर्यारोहण मंडळाचा दोर खांद्यावर टाकून हिंडत होते आणि सगळे जग मला 'ए' म्हणत होते. मी "बरं गं" म्हणून विषय झटकून टाकला. मावशी वयाबद्दल बोलते आहे असा माझा समज झाला. ती व्याकरणाबद्दल बोलत होती, हे कळायला मला लग्न, बाळंतपण आणि पर्वत-वापर नियमन कार्यालय, एवढ्यातून जावे लागले.

आमच्या मुलीला घरात सगळे भुंगा म्हणतात. ती सतत कोणाच्या तरी कानाशी असते आणि तो कान बहुधा माझा असतो. भुंगा चालायला लागल्यापासून मी एकटी अशी कुठे झालेच नाही. न्हाणीघराचे दार लावले की दाराखालच्या फटीतून चार बोटे आत येतात. "आई, तू आहेस?" मी असते. बोटे गेली की नवऱ्याचा आवाज येतो, "अगं, हिचा दुसरा मोजा कुठाय?" आणि तो सापडायच्या आत सासूबाईंचा, "किती वेळ गं! आत काय नदी अडवत्येस का?"

या माणसांचा मला कंटाळा आला होता असे कोणी समजू नये. उलट मी काळजी करणारी बाई आहे. भुंगा गाढ झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहते, आणि चालू असला की तो जरा जास्तच जोरात चालू नाही ना, याची चिंता करते. पण गेले काही महिने माझ्या डोक्यात माझा असा एकही विचार शेवटपर्यंत जात नव्हता. अर्ध्या वाटेवर कोणीतरी त्याला हाक मारत असे. मला तो विचार कोणता आहे, एवढे तरी बघायचे होते. त्यासाठी दोन रात्री हव्या होत्या. रडून मिळाल्या नसत्या, म्हणून मी नियोजन करायला घेतले.

शहराबाहेरच्या डोंगराला दोन शिखरे आहेत. पुढच्या शिखरावर पायऱ्या आहेत, कठडा आहे आणि फोटोसाठी एक लोखंडी बदाम उभा केलेला आहे. त्या बदामात डोके घालायला सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि रांगेत भांडणे होतात. मागच्या सुळक्यावर यातले काहीच नाही. दगडगोट्यांनी भरलेली एक घळ चढायची, मग एक अरुंद खांदा लागतो, तिथे कातळातून पाणी झिरपते आणि एका तंबूपुरती जागा आहे. त्यापुढे वाट संपते. हातापायांनी कातळाला धरत, चाचपत माथा गाठायचा. लोक तिकडे जात नाहीत, कारण तिथे डोके घालायला काही नाही.

मी नकाशा आणला. फोनची रेंज कुठे जाते ते शोधून काढले. परत यायची वेळ टळली तर कोणाला कळवायचे ते नवऱ्यासाठी फ्रिजवर चिकटवले, आणि मग जेवताना सांगून टाकले.

"कोणाबरोबर?" नवरा म्हणाला.

"एकटी."

"हो, पण बरोबर कोण?"

"अरे, एकटी म्हणजे एकटी."

"ते कळलं गं. म्हणजे मैत्रिणी वगैरे."

सासूबाईंनी ताटातून मान वर केली. "भांडलात का रे?"

"नाही आई," मी म्हणाले.

"मग भांडून तरी घ्या. लोकांना सांगायला काहीतरी कारण नको?"

दुसऱ्या दिवशी मी तंबू धुऊन, सवय व्हावी म्हणून हॉलमध्ये उभारला. पाच मिनिटांत भुंगा दोन बाहुल्यांसह आत राहायला गेली. ती काय करते ते बघायला सासूबाई आत शिरल्या आणि घोरू लागल्या. संध्याकाळी ऑफिसची मीटिंग करायला नवराही लॅपटॉप घेऊन तंबूत गेला, कारण "इथे कसं शांत असतं." मी बाहेर बसून तिघांना पाणी देत होते. त्या दिवशी माझा निश्चय पक्का झाला.

परवानगी हे सगळ्यांत सोपे काम असेल असे मी धरून चालले होते. पर्वत-वापर नियमन कार्यालयात 'समूह परवाना' आणि 'एकल परवाना' अशा दोन खिडक्या होत्या. समूहाच्या खिडकीपुढे समूह होता. एकलपुढे कोणीच नव्हते. विषयाला धरून आहे, असे मला वाटले.

खिडकीतल्या बाईंच्या डोक्यावर फलक होता: 'नागरिकांशी अहो-जाहोच करावे. कसूर करणाऱ्याची गय केली जाणार नाही.'

"या ना, बसा. दमलात का? पाणी घेणार?" बाई म्हणाल्या. इतक्या मायेने माझ्याशी माझे डॉक्टरसुद्धा बोलत नाहीत. "आपण किती जण?"

"मी एकटी."

"वा!" असे म्हणून त्या टाइप करता करता मोठ्याने वाचू लागल्या. "अर्जदार श्रीमती मागील सुळक्यावर एकट्या जाणार आहेत." त्यांनी कळ दाबली. संगणकातून रबरी बदकावर पाय पडल्यासारखा आवाज आला. "समूह," त्या म्हणाल्या.

"काय समूह?"

"तुम्ही. समूह दाखवतोय. 'आहेत' आलं ना? आहेत म्हणजे पुष्कळ."

"अहो, ते आदरानं म्हटलंय."

"आदर आहेच हो, मी कुठे नाही म्हणत्ये? पण त्याला आदर कळत नाही, त्याला क्रियापद कळतं. पूर्वी संख्येचा वेगळा रकाना होता. लोक 'एक' लिहायचे आणि बस भरून यायचे. तेव्हापासून संख्या क्रियापदावरून धरतात."

"मग 'जाणार आहे' लिहा."

बाईंनी की-बोर्डवरून हात असा काढला, की जणू तो तव्यावर होता. "मी तुम्हाला अगं-तुगं करू? इथे बसून?" त्यांनी डोळ्यांनीच वरचा फलक दाखवला. "माझ्या घरी दोन लहान आहेत हो."

"बरं, मी माझ्या हातानं लिहिते. 'मी एकटी जाणार आहे.' झालं?"

"प्रथमपुरुषी चालत नाही. स्वतःबद्दल काय, कोणीही काहीही सांगतं."

मी समूहाच्या खिडकीत गेले. तिथल्या तरुणाने तेवढ्याच आदराने माझ्याकडे समूहातल्या बाकीच्यांची नावे मागितली.

"बाकीचे नाहीत," मी म्हणाले.

"नाहीत ना? चालेल. किती जण नाहीत, तेवढं सांगा."

इथे माझा आवाज चढला असावा, कारण मला साहेबांपुढे नेण्यात आले. साहेब सज्जन होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा काढला आणि एखाद्याला त्याचा रक्तगट विचारावा तसे हळुवारपणे विचारले, "आपल्याला अगं-तुगं करणारं कोणी हयात आहे का?"

"आहे. सासूबाई."

साहेबांचा चेहरा उजळला. "सासूबाई असतील तर प्रश्नच मिटला. त्यांच्याइतकं पक्कं एकवचन दुसरीकडे मिळत नाही. त्यांना साक्षीला घेऊन या. साक्ष शब्दशः नोंदवतात. तिथे आमच्या आदराचा काही इलाज चालत नाही."

सासूबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या. बसमध्ये सबंध वेळ मी त्यांच्याकडून एकच वाक्य घोकून घेतले होते: 'ती एकटी जाणार आहे.' त्यांनी ते इतके चोख पाठ केले, की शेजारच्या प्रवाशालाही येऊ लागले. पण कार्यालयात त्यांना खुर्ची दिली, पुढे माइक ठेवला, आणि इतकी सोय केल्यावर एका वाक्यात आटपणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले असावे.

"आपण यांना काय म्हणता?" साहेबांनी विचारले.

"कोणाला? हिला? हिला काय म्हणायचंय! अगं म्हणते. फार झालं तर काही म्हणत नाही."

साहेब आणि खिडकीतल्या बाई एकमेकांकडे पाहून समाधानाने हसले. "आणि यांच्या एकट्या जाण्याबद्दल?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या रोजच पाहतात. पण बहुधा माझ्या हातातल्या पातेल्याकडे. या वेळी हात रिकामे होते, म्हणून त्यांची नजर चेहऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"वेडं आहे हो ते," त्या म्हणाल्या. "पोर चांगलं आहे. पण झोप कुठाय त्याला? सारखं आपलं उठतंय, बघतंय. जाऊ दे ना एकटं, जायचंय तर."

माझ्याबद्दल इतके प्रेमाने कोणी बोलल्याला बरेच दिवस झाले होते. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात बदक ओरडले.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"नपुंसकलिंग, साहेब," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "'ते पोर', 'ते वेडं'. एकवचन आलंय, पक्कं आलंय. पण नपुंसकलिंगी."

"या वर्गात आपल्याकडे काय काय येतं?"

"मूल, जनावर, सामान."

"मूल लावा."

"उंची जास्त होते यांची."

"जनावर?" साहेबांनी माझी क्षमा मागितल्यासारखे पाहिले.

"लस टोचल्याचा दाखला लागेल."

"मग सामान," साहेब म्हणाले आणि त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला. "अभिनंदन. आपलं काम झालं."

"म्हणजे आता मी एकटी जाऊ शकते?"

"सामान एकटं कसं जाईल? त्याला बेवारस धरतात. ते वाहून नेणारं कोणी तरी लागेल."

"साक्ष बदलता येईल का?"

"सासूबाईंची?" साहेब म्हणाले. त्यांचेही लग्न झालेले होते.

खरे म्हणजे प्रकरण इथेच थांबले असते. पण 'वाहून नेणारं' हा शब्द सासूबाईंच्या कानावर पडला आणि त्यांच्यातली आई जागी झाली. माइक अजून चालूच होता. "माझ्या मुलाचं नाव मुळीच घालायचं नाही हं," त्या गरजल्या. "तो एकटा साधा कोपऱ्यावरच्या दुकानात जात नाही!"

संगणकाने हे वाक्य घेतले. 'तो', 'एकटा', 'जात', सगळे जागच्या जागी होते. 'नाही' हा शब्द त्याला अजून शिकवलेला नव्हता. ती सोय पुढच्या टप्प्यात होणार होती. यंत्र घरघरले आणि माझ्या नवऱ्याच्या नावाचा एकल परवाना बाहेर पडला. सोबत: सामान, नग एक.

घरी नवऱ्याने परवाना उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "एवढंच ना? मी डोंगराच्या पायथ्याच्या नाक्यावर चहा पीत बसतो. तू वर जा. मला काय, दोन दिवस पुस्तक वाचेन." तो मनाने चांगला आहे. त्याच्यावर विसंबून राहायची वेळ आली, की मला हे आठवते.

ठरल्या दिवशी भुंग्याला सासूबाईंकडे सोपवून आम्ही नाक्यावर पोहोचलो. नाकेदाराने परवाना वाचला. "एकटे जाताय? त्या मागच्या सुळक्यावर? वा साहेब! आणि सामान?"

नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवले.

नाकेदाराने माझ्याभोवती एक फेरी मारली. "एवढं मोठं धूड घेऊन चढणार? नाही हो जमायचं. सामानघरात ठेवा." आणि माझ्या मनगटाला त्याने बिल्ला बांधलासुद्धा.

"अहो, पण मी नाही... म्हणजे खरं तर ही..." नवरा म्हणू लागला. तोवर नाक्यापर्यंत आलेल्या बदामाच्या रांगेतली माणसे जमली होती. एकटा जाणारा माणूस त्यांनी प्रत्यक्षात पाहिलेला नव्हता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी आपल्या नातवाला त्याच्या शेजारी उभे करून फोटो काढला. शाळा सुटल्यापासून माझ्या नवऱ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्याची पाठ हळूहळू ताठ झाली. त्याने माझी सॅक पाठीवर घेतली, गर्दीला हात केला आणि जाताजाता माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "अगं, तंबू कुठल्या बाजूनं उघडतो?"

नाकेदाराने सामानघराचे दार ओढून घेतले.

आत फळ्या होत्या, फळ्यांवर बॅगा होत्या. ओल्या बुटांचा वास येत होता. उंचावर एक झरोका होता. मी कोपऱ्यातल्या एका गादीसारख्या गाठोड्यावर बसले आणि हाक यायची वाट पाहू लागले. हाक आली नाही. सामानाला कोणी हाक मारत नाही, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ गेला. मग मी काळज्या करायला घेतल्या. आधी भुंग्याच्या खोकल्याची, मग सासूबाईंच्या गुडघ्याची, मग घळीत नवऱ्याचा पाय मुरगळण्याची, गॅसच्या बटणाची, आणि सगळे संपल्यावर माझ्या लहानपणी वारलेल्या एका मांजराची. त्यानंतर काळजी शिल्लक राहिली नाही. काळज्या संपतात, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. मी गाठोड्यावर आडवी झाले आणि जी झोपले, ती दुसऱ्या दिवशी झरोक्यातले ऊन तोंडावर आले तेव्हा उठले. उठून पुन्हा झोपले.

नवरा तिसऱ्या दिवशी दाढी वाढवून परतला. पुढे कळले, की पहिल्याच वळणामागे, नाक्याचे छप्पर दिसेल अशा बेताने, तो तंबू अंगावर पांघरून बसून होता आणि मी बांधून दिलेला सगळा खाऊ त्याने पहिल्याच दुपारी संपवला होता. पण नाक्यावर त्याला पुन्हा गर्दी भेटली. "एकांत माणसाला खूप काही शिकवतो," तो गर्दीला म्हणाला. हे वाक्य त्याला इतके आवडले, की तो अजून ते सोडायला तयार नाही.

घरी सासूबाईंनी माझा चेहरा निरखला. "डोंगरानं मानवलं की गं तुला."

मी खरे काय ते सांगितले. आठवड्याने त्या मुलाला "जरा कार्यालयात चल, माझं एक काम आहे" म्हणून घेऊन गेल्या आणि खिडकीपुढे त्याला कोपराने ढोसले. "आमचं म्हातारं आहे," तो पढवल्याप्रमाणे म्हणाला. बदक ओरडले, बिल्ला मिळाला. सासूबाई दोन दिवसांसाठी गेल्या त्या अजून आलेल्या नाहीत. 'बिल्ला हरवलाय म्हणून सांग,' असा त्यांचा मला निरोप आला. मी अजून कोणाला काही सांगितलेले नाही.

त्यांच्या मागोमाग खिडकीतल्या बाई गेल्या. त्यांच्या नवऱ्याने "हे आमचं ध्यान" एवढेच म्हटले आणि भागले. मग रांगच लागली. आमच्या भाषेतल्या नवऱ्यांकडे या कामाला लागणारे शब्द पिढ्यान्पिढ्या तयारच होते. कोणी "आमचं कुटुंब" म्हणाले, कोणी "आमचं खटलं", कोणी नुसतेच "हे आमचं". एकालाही साक्ष पढवावी लागली नाही. सामानघर भरले, बाजूची शेडही भरली. गर्दी म्हणावी तर होती. पण त्या गर्दीत कोणी कोणाला काही विचारत नव्हते. फळ्यांवर बायका ओळीने पडलेल्या असत, आणि मधूनच एखादी कूस बदलली की फळी करकरे.

हे असेच चालू राहते, तर या देशात बरीच शांतता झाली असती. पण नाकेदार कोणाला तरी "ए, सरक जरा" म्हणाला, आणि ते नेमके तिच्या नवऱ्याच्या कानावर गेले. माझ्या सामानाला अरे-तुरे? त्याने तक्रार ठोकली. कार्यालयाने तातडीने आदेश काढला, की अहो-जाहो सामानालाही लागू राहील आणि यापुढे त्याचा उल्लेख 'सामाननीय' असा करण्यात यावा. त्याबरोबर नोंदी 'सामाननीय गाठोडे आले आहेत' अशा होऊ लागल्या. 'आहेत' म्हटल्यावर संगणकाने प्रत्येक गाठोड्याला समूह धरले. समूह म्हटल्यावर समूहप्रमुख आला, ओळखपरेड आली, सकाळचे सामुदायिक हास्य आले. हा हा म्हणता 'सामाननीयांचा एकांत मेळावा' जाहीर झाला. अनुभवी म्हणून प्रमुख वक्ता माझा नवरा.

मेळाव्याला झाडून सगळे होते. साहेब पहिल्या रांगेत, नाकेदार कर्ण्यापाशी. नवऱ्याने माइक हातात घेतला, "एकांत माणसाला" एवढे म्हणून तो थांबला, कारण मी स्टेजवर चढून भुंग्याला त्याच्या दुसऱ्या हातात दिले होते.

"अगं, मी बोलतोय ना!"

"दोन रात्री एकट्यानं काढल्यास ना रे? आता दोन हिच्याबरोबर काढ. खोकल्याचं औषध दारात आहे, फ्रिजच्या."

माइक चालू होता. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याला नाही म्हणता आले नाही. 'नाही' हा शब्द तसाही पुढच्या टप्प्यात होता.

नाक्यावर चिटपाखरू नव्हते. मी सॅक पाठीवर घेतली आणि चालू लागले. घळीतले दगड पायाखालून सरकत होते. मी दर दगडाला आधी दाबून बघत होते, कारण काळजीची सवय डोंगरात फार उपयोगी पडते. वरच्या त्या अरुंद खांद्यावर तंबू लावला. पाणी थेंबथेंब गळत होते, बाटली भरायला एक सबंध दुपार लागली आणि त्या दुपारभरात मला कोणी दुसरे काम सांगितले नाही. सकाळी कातळाला हात घातला. बोटांना आधी काही आठवेना, मग एकेक खाच आठवू लागली. एका जागी पाय लटपटले. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी ओरडले नाही, आणि पाय आपोआप थांबले. माथ्यावर जेमतेम एका माणसाने मांडी घालून बसावे एवढीच जागा आहे. मी बसले. जो विचार शेवटपर्यंत न्यायचा होता, तो नेला. तो काय होता, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तो माझा आहे.

वर रेंजची एक काडी मिळते. दोन निरोप येऊन पडले होते. पहिला नवऱ्याचा होता: 'अगं, आई कुठाय?' दुसरा खिडकीतल्या बाईंचा, शेडच्या मागून पाठवलेला. सामानघर बंद करण्यात येत आहे. मालकांनी ओळख पटवून आपापले सामान घेऊन जावे अशी सूचना लावली आहे. पण निम्म्याच्या वर बिल्ले तसेच पडून आहेत. मालकांपर्यंत सूचना पोहोचलेली नाही असे नाही. आपले काही गेले आहे, हेच त्यांना अजून ठाऊक नाही.

तुम्ही ही गोष्ट इथपर्यंत, मध्ये एकदाही न उठता वाचलीत. छान वाटले. मधल्या वेळात घरात काही सांडले नाही, कोणी रडले नाही, दार वाजले नाही. किंवा हे सगळे झाले आणि नेहमीप्रमाणे आतून कोणीतरी बघून घेतले असेल, असे तुम्ही धरून चालला आहात. आतून बारीक घूं असा आवाज येतोय, त्यावर तुम्ही निर्धास्त आहात. तो फ्रिजचा आहे. जरा उठा, आणि ती आत आहे का ते बघून या.